समुद्र नसलेलं बंदर

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्या वर्षी कॅरिबियन समुद्रात बोटीची सफर करून आले. सफर बारा दिवसांची होती. तिचं वर्णन अजून चालू आहे. बोट म्हणे चौदा मजली. म्हणजे आमच्या इमारतीच्या साडेतीनपट, आणि शिवाय लिफ्ट चालू. रोज सकाळी ही चौदा मजली इमारत कुठल्यातरी बेटाला टेकायची आणि कर्णा ओरडायचा, "संध्याकाळी पाचला बोट सुटेल. मागे राहणाऱ्यांना आम्ही जबाबदार नाही." बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाऊन बंदरात हे एकटेच उतरले, कारण सौभाग्यवतींचे पाय सुजले होते. "मग काय पाहिलंत?" मी विचारलं. त्यांनी फोन पुढे केला. पंचावन्न फोटो. त्यांतल्या एकावन्नात ते स्वतः होते आणि मागे त्यांची बोट होती. उरलेल्या चारांत नुसती बोट होती.

मी त्यांना हसलो नाही. परक्या बंदरात एकट्याने उतरलेल्या माणसाचं असंच होतं. त्याचा एक डोळा गावावर असतो आणि दुसरा बोटीवर. बोट आहे ना जागेवर, एवढं पाहण्यातच निम्मा वेळ जातो. मला हे ठाऊक आहे, कारण अशा एका बंदरात एकट्याने उतरण्याचा योग मलाही आला आहे. माझ्या बंदराचं नाव जुन्नर.

इथं भूगोलाचे मास्तर छडी उगारतील. जुन्नरपासून समुद्र निदान शंभर किलोमीटर लांब, आणि मध्ये सह्याद्री उभा. जुन्नरला बोट आणायची तर ती आधी खांद्यावर घ्यावी लागेल. पण मास्तर, बंदर म्हणजे तरी काय? जिथं परगावची माणसं उतरतात, जकात भरतात, घासाघीस करतात, हवामानाची वाट बघत बसतात, इथलं जेवण तिखट म्हणून कुरकुरतात आणि एक दिवस निघून जातात, ते बंदर. त्यात पाणी असलं पाहिजे असं कुठं आहे? या हिशेबाने जुन्नर हे दोन हजार वर्षांचं बंदर आहे. फक्त त्याचा धक्का घाटमाथ्यावर आहे.

माझी बोट म्हणजे अष्टविनायकाची बस. आठ गणपतींपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नहर, एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत. त्यामुळे सगळ्या अष्टविनायकी बसगाड्यांना जुन्नरच्या पाण्यात यावंच लागतं. आमच्या बसचा कप्तान म्हणजे यात्रा कंपनीचा एक तरुण मॅनेजर. देवापुढे उभं राहायला तो माणशी दीड मिनिट द्यायचा आणि नाश्त्याला पाऊण तास. त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख होती.

सकाळी लेण्याद्री झालं. तीनशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर बौद्धांच्या विहारात बसलेला आपला गणपती. डोंगरात तीस लेणी आहेत. गणपती सातव्यात राहतो आणि लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने त्याच्याकडे जायला तिकीट पडतं. आमच्यातल्या एका आजींनी तिकीट खिडकीवर वाद घातला, "देवाच्या दारात कसलं रे बाबा तिकीट?" आत बसलेला मुलगा म्हणाला, "आजी, देवाचं नाही, दाराचं आहे." यावर आजींना काही सुचलं नाही. मलाही नाही.

मंडळी रांगेत असताना मी शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावलो. ते चैत्यगृह आहे. त्याच्या शिलालेखात लिहिलंय की हे दान कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं. मला गंमत वाटली. कल्याणचा माणूस, इथं जुन्नरला येऊन डोंगर कोरवतो आणि वर आपलं आणि आपल्या बापाचं नाव, गाव, सगळं घालतो. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, त्याची ही मूळ आवृत्ती. फरक इतकाच की पंखा फिरू लागला की आमचा देणगीदार दिसेनासा होतो. सुलसदत्त दोन हजार वर्षं वाचता येतोय.

पण कल्याणच्या माणसाचं इथं काय काम? हा प्रश्न घेऊनच मी बसमध्ये बसलो. पाच किलोमीटरवर जुन्नर आलं, आणि कर्णा ओरडला, "इथं जेवण आणि खरेदी. बरोबर अडीचला बस सुटेल. मागे राहणाऱ्यांची जबाबदारी कंपनीवर नाही." शब्द न् शब्द तोच! कॅरिबियनमधले कप्तान आणि आमचे मॅनेजर एकाच शाळेत शिकत असावेत. हिने बायकांच्या घोळक्यातून मला हाक मारली, "अहो, तुम्ही आमच्यामागे उभं राहून घड्याळ बघू नका. जा कुठंतरी, पण वेळेवर या." अशा रीतीने मी एकटा बंदरात उतरलो.

जुन्नरमध्ये वाट चुकणं अवघड आहे. कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मान वर केली की शिवनेरी दिसतो. उंच कातळाचा, एका टोकाला निमुळता होत गेलेला. खालून पाहताना मला तो नांगर टाकून उभ्या राहिलेल्या प्रचंड जहाजासारखा वाटला. हे जहाज मात्र अडीचला सुटणार नव्हतं, ही त्यातली सोय.

मी बाजारातून निघालो. भांड्यांची दुकानं, कापडाची दुकानं, घमेली, दोरखंड, पश्चिमेच्या डोंगरातून येणारा हिरडा, मध्येच जुन्या वाड्याचा लाकडी दरवाजा आणि त्याला टेकून उभी मोटारसायकल. एका पाटीवर पत्ता होता : कल्याण पेठ. मी थबकलो. हेच तर सकाळपासून डोक्यात होतं. पाटीखाली एक वृद्ध दुकानदार पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, "इथून कल्याणला रस्ता जातो का हो?"

"एस्टी का?" ते म्हणाले. "ष्टँडावर जा."

"एस्टी नाही. जुना रस्ता."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पश्चिमेकडे हात केला. "नाणेघाट. पण पायी जाणार का, काका? जेवून जावा."

सगळा उलगडा त्या हाताच्या दिशेला आहे. इसवी सनाच्या आगेमागे तांबड्या समुद्रातून येणारी गलबतं भडोच, सोपारा, कल्याण या बंदरांना लागत. माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढे. कोकण ओलांडून तांडा सह्याद्रीच्या पायथ्याशी आला की त्याला घाट चढावा लागे, आणि कल्याणहून येणाऱ्याचा घाट म्हणजे नाणेघाट. घाट चढून आलं की पहिलं मोठं गाव जुन्नर. तिथून पुढे पैठण. पैठण ही सातवाहनांची राजधानी. म्हणजे सगळा माल शेवटी राजवाड्याच्या वाटेवरच. जुन्नर हे त्या वाटेवरचं नाकं.

बंदर म्हटलं की भानगडी आल्याच. त्या काळच्या कुणा ग्रीक खलाशाने दर्यावर्दींसाठी एक मार्गदर्शिका लिहून ठेवली आहे. पेरिप्लस म्हणतात तिला. तो सांगतो की कल्याण हे आधीच्या राजाच्या वेळी रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पण पुढे सत्ता बदलली, आणि आता तिथं चुकून एखादं ग्रीक गलबत लागलंच तर त्याला पहारा बसवून भडोचला नेतात. भडोच क्षत्रपांचं, कल्याण सातवाहनांचं. दोघांचं भांडण, आणि हाल खलाशाचे. आमच्या बसलाही एका नाक्यावर परमिट दुसऱ्या मार्गाचं आहे म्हणून अर्धा तास उभं केलं होतं. तेव्हा मॅनेजर ज्या चेहऱ्याने खाली उतरला, तोच चेहरा कल्याणच्या खाडीतल्या त्या ग्रीक तांडेलाचा असणार.

नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. शेजारी सातवाहनांची गुहा. राणी नागनिकेचा लांबलचक शिलालेख तिच्या भिंतींवर आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि कुणाला काय काय दिलं, याची ती यादी. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापणं किती. त्यातला सर्वांत मोठा आकडा २४,४०० आहे. भारतात आकडे चिन्हांनी लिहिल्याचा हा फार जुना पुरावा म्हणून जगभरचे गणिती त्याला मान देतात. मला त्यात वेगळंच दिसतं. घरातल्या बाईने वहीत मांडलेला हिशेब आहे तो, फक्त वही दगडाची आहे. आणि ही वही ठेवली कुठं, तर जकातनाक्यावर! घाट चढून धापा टाकत आलेल्या व्यापाऱ्याने आधी रांजण भरायचा आणि मग आपले पैसे कुठं जातात ते भिंतीवर वाचायचं. इतका स्वच्छ कारभार पुढे कुठल्या टोलनाक्यावर मी पाहिलेला नाही.

त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजपुत्र. वर नावं कोरलेली. पुतळे गेले. पायांच्या खुणा आणि नावं राहिली. बंदरावर पाय ठेवून निघून गेलेल्या माणसांची याहून नेमकी आठवण कोणती?

आता आमच्यासारख्या उतारूंची गोष्ट. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात, दोनशेंवर लेणी खोदलेली आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती दुसरीकडे मिळणं कठीण. ती कुणी एका राजाने खोदवली नाहीत. बाजाराने खोदवली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. कुणी बुरुडांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली, कुणी कासारांच्या. मुद्दल त्यांच्याकडे आणि व्याजातून भिक्षूंची सोय. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी मंडप आणि टाकं दिलं. अडुथुम नावाच्या शकाने चक्क करंजाची आणि वडाची झाडं लावायला जमिनीचं उत्पन्न लावून दिलं. शक म्हणजे मध्य आशियातून आलेला माणूस. तो जुन्नरला येतो आणि वृक्षारोपण करतो, तेही मंत्र्याला न बोलावता!

आणि या सगळ्यांत तीन यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान त्या बाजूचे. इरिल, चिट आणि चंद. इरिलाने दोन टाकी दिली. चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंदाने मानमोडीच्या लेण्याचं दर्शनी काम करवून घेतलं. चंद हे नाव ऐकून तर तो आपल्या आळीतलाच वाटतो. पाहुणा इतका रुळला की नावालाही इथली हळद लागली असावी.

मला या तिघांबद्दल फार विचार करावासा वाटतो. ते देवळं बघायला आले नव्हते, धंद्याला आले होते. मग टाकी आणि जेवणाचा मंडप देण्याची बुद्धी त्यांना कशी झाली? याचं एक कारण वाऱ्यात आहे असं मला वाटतं. त्या काळी गलबतं नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत आणि परतीसाठी ईशान्येचा वारा सुटेपर्यंत खोळंबून बसत. दोन-तीन महिने सहज जात. कप्तान अडीचचा इशारा देत नव्हता; वारा म्हणेल तेव्हा निघायचं. इतके दिवस एका गावात राहिलं की माणूस फोटो काढणं थांबवतो, आणि पाणी कुठलं गोड लागतं ते त्याला कळायला लागतं. तहान लागलेली असताना कुणीतरी तांब्या पुढे केलेला असतो. मग निघताना वाटतं, आपणही एक टाकं खोदून द्यावं. दोन तासांच्या मुक्कामात हे सुचत नाही. दोन तासांत माणूस पाण्याची बाटली विकत घेतो आणि रिकामी बाटली गावाला देऊन जातो.

इथं माझ्या पोटाने भोजनमंडपाची आठवण केली. एका खानावळीत शिरलो आणि मासवडी मागवली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मासवडीत मासा नसतो. बेसनाची शिजवलेली पोळी, तिच्यात तीळ, खोबरं, लसूण, कांदा यांचं झणझणीत सारण. गुंडाळी करून वड्या पाडल्या की माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात. वर लालभडक रस्सा. समुद्र नसलेल्या बंदरात मासा नसलेली मासवडी! मी धन्य झालो. रस्सा इतका तिखट होता की चिटाने भोजनमंडपाबरोबर टाक्यांची सोय का लागली असेल, तेही डोळ्यांत पाणी येऊन कळलं.

पावणेदोन वाजले होते. बाहेर एक रिक्षावाला म्हणाला, "काका, हापूसबाग दाखवू? हबशी घुमट?" हापूसबाग म्हटल्यावर मला आंबे आठवले. पण हा हापूस आंब्याचा नाही. मूळ नाव हबशी बाग, लोकांच्या तोंडी गोड होऊन हापूसबाग झाली. गावाबाहेर शेतात एकटीच उभी असलेली दगडी कबर, वर मोठा घुमट. कुणी हबशी घुमट म्हणतं, कुणी सौदागर घुमट. हबशी म्हणजे आफ्रिकेचा, सौदागर म्हणजे व्यापारी. दोन्ही नावं बंदराचीच.

हबशी इथं कसे आले त्याचीही हकिगत आहे. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेशी संबंध तोडून निजामशाही उभी केली ती जुन्नरच्या जोरावर. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, त्याने १४९४ साली वसवलं. तोवर राजधानी जुन्नर. पुढे शंभरेक वर्षांनी मोगलांनी अहमदनगर घेतलं आणि निजामशाही बुडणार असं दिसू लागलं, तेव्हा ती पाठीवर घेऊन उभा राहिला तो मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हात बदलत अखेर दख्खनच्या एका वजिराकडे पोचलेला. १६०७ च्या सुमारास त्याने आपल्या सुलतानाची राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. जहांगीर बादशहाला आयुष्यभर त्याने झोप येऊ दिली नाही. अंबर वारला १६२६ साली.

आणि पुढच्याच वर्षी, १६२७ मध्ये, इंग्रजांनी बार्बाडोस बेटावर वस्ती केली. होय, आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचं बार्बाडोस. तिथं उसाचे मळे उभे राहिले आणि त्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं बोटींनी भरभरून नेली. इकडे विकला गेलेला एक पोरगा राज्याचा कारभारी झाला. तिकडे विकल्या गेलेल्यांच्या पिढ्या साखरेत गेल्या. इकडचा बाजार दयाळू होता असं नाही. अंबरलाही आईबापांपासून तोडूनच आणलं होतं, आणि त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बाकीच्या पोरांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. रिक्षा उसाच्या फडांतून परत येताना हे सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं. "उसात बिबट्या असतो," रिक्षावाल्याने माहिती दिली. मी विचार आवरता घेतला आणि पाय आत घेतले.

जुन्नरला उतरलेल्या एकट्या परदेशी माणसांत माझा सर्वांत लाडका डॉक्टर जॉन फ्रायर. हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. १६७५ साली जुन्नर मोगलांकडे होतं आणि तिथल्या मोगल सरदाराच्या घरात कुणी आजारी होतं म्हणून मुंबईहून डॉक्टर मागवला. हा पठ्ठ्या पाण्याने कल्याणला, तिथून मुरबाडच्या वाटेने घाट चढून जुन्नरला पोचला. रोगी म्हणजे सरदाराची बेगम, ती पडद्याआड. डॉक्टरने पडद्यातून आलेल्या हाताची नाडी पाहायची. पाहिली. डॉक्टर म्हणाला, या बाईला काहीही झालेलं नाही. आतून खसखस पिकली. तो हात एका धडधाकट दासीचा होता! परदेशी डॉक्टरला खरंच काही कळतं का, याची परीक्षा चालली होती. डॉक्टर पास झाला तेव्हा खरा हात बाहेर आला. दुसऱ्या खेपेला पडदाच कोसळला आणि आतल्या सगळ्या बायकांची एकच पळापळ उडाली. तीन-साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याकडे नव्या डॉक्टरला आधी शेजारणीचा रिपोर्ट दाखवून बघणाऱ्या बायका मला माहीत आहेत, तेव्हा बेगमसाहेबांचं मला नवल वाटलं नाही.

फ्रायरने शिवनेरीही पाहिला. हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री गडावर आहे, असं त्याने नोंदवलं. जाताना तो नाणेघाटाने उतरला, तेव्हा मिठाचे बैल घाटात खोळंबले होते. म्हणजे सातवाहन गेले, यादव गेले, निजामशाही गेली, तरी कोकणातलं मीठ त्याच वाटेने वर येत होतं. डॉक्टरने हे प्रवासवर्णन छापलं १६९८ साली. प्रवास झाल्यावर तेवीस वर्षं गप्प बसण्याचा हा गुण आमच्या इमारतीत यायला हवा.

ज्या गडाचं फ्रायर कौतुक करत होता, त्या गडावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. आणि फ्रायर आला तेव्हा महाराजांना राज्याभिषेक होऊन वर्ष उलटत होतं; तीनशे किल्ल्यांची बात करणारा हा राजा, पण जन्माचा किल्ला मात्र त्याच्याकडे नव्हता. तो त्यांना हयातीत मिळालाच नाही. मराठ्यांकडे शिवनेरी आला तो शाहू महाराजांच्या काळात. महाराज जुन्नरच्या बाजारात मात्र एकदा येऊन गेले. १६५७ साली रात्री दोराच्या शिड्या लावून मराठे शहरात उतरले आणि तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेले. जुन्नरच्या बाजारातली ही सगळ्यांत मोठी उचल, तीही दुकानं बंद असताना. आपण आपल्या जन्मगावी गेलो की जुनं घर दुसऱ्याने घेतलेलं असतं. आपण बाहेरून बघतो, 'इथं आमचं न्हाणीघर होतं' म्हणतो आणि परततो. महाराज रिकाम्या हाताने परतले नाहीत, एवढाच फरक. पण घर बाहेरूनच बघावं लागलं हे खरं.

गडावर एक कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची इथं मुंडकी उडवली, अशी त्याची आठवण सांगतात. हे उतारू नव्हते, इथलेच होते. बंदराच्या इतिहासात येणारे-जाणारे पुष्कळ दिसतात, कारण त्यांना नाव कोरून ठेवायची सवय असते. ज्यांच्या डोंगरातून वाट जाते, त्यांचं नाव असं एखाद्या चौथऱ्याला चिकटून राहतं.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मी बसपाशी हजर. बायका हजर व्हायला तीन वाजले. मॅनेजरने डोकी मोजली, ती बेचाळीस भरली, आणि आमचं गलबत ओझरच्या दिशेने निघालं. तिथल्या विघ्नहरापुढे माणशी दीड मिनिट झाल्यावर नारायणगावाकडे.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. पण मला खिडकीतून शोधायची होती ती दुसरीच चीज. जवळच आर्वीला १९७१ साली देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. परदेशातला आवाज आकाशातून येऊन आधी इथं उतरायचा. आणि खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आसपासच्या शेतांत पसरलेल्या, दूरच्या दीर्घिकांकडून येणारे संदेश पकडत. म्हणजे बघा, कल्याणचा माल यायचा बंद झाला तेव्हा जुन्नरने आभाळातून माल उतरवायला घेतला. बंदराची खोड जात नाही.

संध्याकाळी मंचरला चहा झाला. मंचर आंबेगाव तालुक्यात. या तालुक्याचं मुख्य ठाणं घोडेगाव, मोठी बाजारपेठ मंचर, मग आंबेगाव कुठं आहे? मी चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पाण्यात." मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि जुनं आंबेगाव त्यात बुडालं. नाव तेवढं तालुक्याच्या पाटीवर तरंगत राहिलं. धरणाचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या शेतांत जातं, तिकडे ऊस उभा राहतो, आणि ज्यांची घरं पाण्याखाली गेली ते डोंगरात वर सरकले. जुन्नर बंदर असून तिथं समुद्र नाही. आंबेगाव बंदर नव्हतं, तर समुद्रच चालून आला. इरिलाने दोन टाकी दिली त्याची नोंद कड्यावर आहे. एक अख्खं गाव देणाऱ्यांची नोंद कुठल्या कातळावर कोरायची, हे त्या चहावाल्याला विचारण्याचं धाडस मला झालं नाही. तो माझ्याच वयाचा होता, आणि 'पाण्यात' म्हणताना त्याने कपबश्या विसळणं थांबवलं होतं.

बस पुन्हा सुरू झाल्यावर मॅनेजरने अभिप्रायाची वही फिरवली. 'व्यवस्था उत्तम', 'जेवण उत्तम, पण तिखट', 'सीटा थोड्या अरुंद' असं पानभर झालं होतं. मी लिहिलं, 'जुन्नरला दोन तास फारच कमी पडतात. निदान तीन महिने द्यावेत.'

मॅनेजरने ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "देऊ की काका. पण मग पाण्याची सोय तुमची तुम्ही करायची."

इरिलालाही असंच सांगितलं असेल कुणीतरी.